आशीर्वादासकट मृत्युपत्र

मृत्युपत्र करायला खर्च किती येतो, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, बायका संध्याकाळी पार्कात फिरताना विचारतात, फॅक्टरीतल्या जुन्या मैत्रिणी फोनवर विचारतात. विचारताना आवाज मात्र एवढा खाली आणतात की जणू मी काही चोरून आणलंय. मी मोठ्यानं सांगते. कागदाला काही नाही, साधा पांढरा कागद चालतो, स्टॅम्पपेपर लागत नाही. वकीलबाईंना आठ हजार. डॉक्टरांना पाचशे. रजिस्ट्रेशनची फी तर ऐकून हसू येईल एवढी किरकोळ. शिवाय एक्याऐंशी वर्षांचे शेजारी माझ्यावर दोन दिवस रुसून बसले, तो खर्च वेगळा.

मी छत्तीस वर्षं बंगळुरूजवळ बोम्मसंद्रातल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. मशीनवरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, मापाचा गेज लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर लाल डब्यात. सुपरवायझर विनवण्या करायचे, ‘मॅडम, केसाएवढाच फरक आहे हो.’ मी म्हणायचे, केसाएवढा म्हणजे फरक आहे. या स्वभावामुळे माझ्याबरोबर डबा खायला फारसं कोणी बसत नसे, आणि मलाही त्याचं फार वाईट वाटलं नाही. त्याच पगारातून आणि पीएफच्या कर्जातून मी वीस बाय तीसची साईट, म्हणजे प्लॉट, घेतली आणि तिच्यावर घर बांधलं. खाली आम्ही राहतो, वर भाडेकरू. मला मूलबाळ नाही. यजमान गेले त्याला नऊ वर्षं झाली. ते फार समजूतदार होते. घर माझ्या एकटीच्या नावावर असावं, हा आग्रह त्यांचाच.

आम्ही म्हणजे मी आणि माझी अक्का. अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आमचं घराणं कधी काळी, कुणाच्या फौजेबरोबर इकडे आलं म्हणतात. घरात मराठी बोलायची आणि शाळेत कन्नड शिकायचं, हे किती पिढ्या चाललंय ते कोणालाच ठाऊक नाही. मी सहा वर्षांची असताना आई गेली. अक्का तेव्हा सोळाची. तिनं शाळा सोडली, यशवंतपूरच्या घरात मशीन मांडलं आणि बाजारातल्या बायकांचे ब्लाउज शिवायला लागली. माझ्या डिप्लोमाची फी त्या ब्लाउजांतून आली. तिचं लग्न झालं नाही, म्हणजे कोणी करायचं मनावर घेतलं नाही.

वडील गेल्यावर ते घर भावाच्या नावावर झालं. त्यानं ते विकलं आणि दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. अक्काला हॉल मिळाला. तिनं तिथं आई-वडिलांचा फोटो लावायला भिंतीत खिळा मारला, तर वहिनी म्हणाली, नवा रंग उडाला की हो अक्का. ती काही वाईट बाई नव्हती, रंग खरंच उडाला होता. पण अक्कानं त्याच दिवशी फोटो उतरवून ट्रंकेत ठेवला. पुढं भाऊ वारला, वहिनी मुलांकडे हुबळीला गेली, आणि अक्का ती ट्रंक घेऊन माझ्याकडे आली. त्याला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षांत तिनं माझ्या घरात एक खिळा मारला नाही. फोटो ट्रंकेवर भिंतीला टेकवून ठेवलेला. पंचांगाचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं. आणि प्रत्येक गोष्ट विचारून. फॅन लावू का? कुकर लावू का? तुळस स्वल्प इकडं सरकवू का? अगं, घर तुझंच आहे, असं मी शंभरदा सांगितलं असेल. ती म्हणायची, ‘असू दे की.’

मी असा हिशेब धरून होते की माझ्यामागं घर आपोआप अक्काचं. सख्खी बहीण, एका ताटात जेवलेली, दुसरं कोण आहे? हा समज दूर केला यजमानांच्या पुतण्यानं, आणि तोसुद्धा एका बारशात, पानात केसरीभात असताना. तो बँकेच्या कर्ज विभागात आहे, कायद्याचं त्याला बरंच कळतं. अतिशय मऊ आवाजात म्हणाला, ‘काकू, तुम्ही काळजी करू नका. कायद्यानं घर शेवटी आमच्याकडेच येतं. अक्कांची सोय मी बघीन. आनेकलच्या पुढं एक छान वृद्धाश्रम आहे, मोकळी हवा आहे, जेवणही आपल्यासारखंच असतं.’ अक्का माझ्या शेजारीच बसली होती. तिनं मान हलवली आणि त्याला विचारलं, तुझ्या मुलाला दात आले का?

घरी आल्यावर मी साडी बदलून बाहेर येते तर अक्कानं फोटो बाजूला ठेवून ट्रंक उघडली होती. नेसायच्या साड्या एका बाजूला, ठेवणीतल्या दुसऱ्या. मला बघून म्हणाली, ‘आश्रमात ट्रंक ठेवून घेतात का गं? का पिशवीच न्यायची?’ चिडून नाही, रडून नाही, बसची वेळ विचारावी तसं.  मला राग आला, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं.

वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेलं जोडपं राहतं, दोघंही आयटीत. त्यातली मुलगी हुशार. तिनं फोनवर शोधून दाखवलं की पुतण्या खरं बोलत होता. मूलबाळ नसलेल्या विधवेनं काही लिहून ठेवलं नाही, तर तिनं स्वतःच्या पगारातून घेतलेलं घरसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. सख्ख्या बहिणीचा नंबर फार मागं. मी तिला ते दोनदा वाचायला लावलं. ‘काकू, विल करून टाका ना,’ ती म्हणाली. ‘ऑनलाइन टेम्प्लेट मिळतं, फक्त डिटेल्स फिल करायचे.’ आम्ही बसलो. टेम्प्लेटनं नवऱ्याचं नाव मागितलं, मग मुलांची नावं मागितली, आणि ती भरल्याशिवाय पुढं जाईना. ती बिचारी ओशाळली. मी म्हटलं, राहू दे, कागद आहे, पेन आहे, मी लिहीन.

आणि मी लिहिलं. इंग्रजीत, इन्स्पेक्शन रिपोर्ट लिहायचे तशी एक-एक कलमं घालून. घराचा नंबर, चारी बाजूंच्या हद्दी, माझ्यामागं सगळं माझ्या बहिणीला. एका पानात काम झालं. दोन साक्षीदार हवेत एवढं वाचलं होतं, म्हणून मी आमच्याकडे जसं करतात तसं केलं. आमच्यात लग्नपत्रिका असो, गृहप्रवेश असो, जमिनीचा कागद असो, नाव घालायचं ते थोरल्या माणसाचं. मग साक्षीला मी आमच्या ओळखीतले सगळ्यांत वडीलधारे दोघे बोलावले. एक शेजारचे अण्णा, वय एक्याऐंशी. दुसरे त्यांचे मित्र, अठ्ठ्याहत्तर. शुक्रवारी सकाळी बोलावलं, उप्पिट्टू केलं, कॉफी केली. अण्णा अंगावर शाल घेऊन आले. त्यांनी खिशातून शाईचं पेन काढलं, कागदाच्या डोक्यावर ‘श्री’ लिहिलं, खाली वळणदार सही केली आणि सहीखाली लिहिलं, ‘अनेक आशीर्वाद’. मित्रांनी त्यांचं बघून तेच लिहिलं. मला तर बरंच वाटलं.

पण आपण बनवलेला माल आपणच पास करायचा नाही, हा माझा नोकरीतला नियम. म्हणून नुसतं तपासून घ्यायला तो कागद घेऊन मी आनेकलला गेले. तिथं रजिस्ट्रार ऑफिसजवळ एक वकीलबाई बसतात, चाळिशीच्या, केस आखूड. त्या कन्नडच बोलतात, आणि फार बोलत नाहीत. त्यांनी कागद वाचला, परत वाचला आणि चष्मा काढला.

‘अम्मा, हे मृत्युपत्र आहे की लग्नाची पत्रिका?’

मी म्हटलं, मृत्युपत्रच आहे.

‘साक्षीदारांची वयं काय?’

मी सांगितली.

‘साक्षीदार कशाला असतात? तुमच्यामागं कोणी भांडलं तर कोर्टात उभं राहून सांगायला, की होय, या बाईंनी आमच्यासमोर सही केली. तुम्ही बासष्टच्या, तब्येत ठणठणीत. तुम्ही नव्वदीत गेलात तर हे दोघे कुठून येणार?’

छत्तीस वर्षं मी लोकांचा माल लाल डब्यात टाकला, आणि माझा स्वतःचा पहिलाच नग नापास झाला. मला लाजही वाटली आणि बाई पसंतही पडल्या. मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, जो माझ्या एका पानात नव्हताच. ‘बहीण दहा वर्षांनी मोठी आहे ना? त्या आधी गेल्या तर?’ मी तो लिहिला नव्हता, कारण मी तो कधी मनात येऊच दिला नव्हता. आठ हजार मी खरं तर या दोन प्रश्नांचे दिले, आणि आजही कोणी विचारलं तर सांगते की ते स्वस्त पडले.

उत्तर मी तिथंच दिलं. अक्का आधी गेली तर घर पुतण्याला. आश्रमाची हवा बघून आलाय, म्हणजे काळजी करण्याची सवय तरी आहे त्याला.

वकीलबाईंनी मग विचारलं, बहिणीला नुसता राहण्याचा हक्क द्यायचा की पूर्ण मालकी? राहण्याचा हक्क म्हणजे जिवंत असेपर्यंत त्या राहतील, कोणी काढू शकणार नाही, पण घर दुसऱ्याचं. बरेच जण असंच करतात, म्हणाल्या. पूर्ण मालकी दिली तर त्यांच्यामागं घर त्या ठरवतील तिकडे जाईल, तुमच्या हातात राहणार नाही. विचार करून सांगा.

मी घरी येऊन अक्काला सांगितलं, कारण तिचं आधार कार्ड हवं होतं. ती शेंगा सोलत होती. ‘धाकटीचं घर मी घेऊ?’ ती म्हणाली. ‘अय्यो, असं कुठं असतं? द्यायचं मी असतं, घ्यायचं तू.’

‘डिप्लोमाची फी मी घेतली तेव्हा मी विचारलं होतं?’

‘ते वेगळं.’

‘काय वेगळं?’

तिनं बराच वेळ शेंगा सोलल्या. मग म्हणाली, ‘बरं, लिहायचंच असलं तर राहू दे म्हणून लिही. तेवढं पुरे. मी एका कोपऱ्यात राहीन की.’

हेच मला नको होतं. कोपरा. वडिलांच्या घरात कोपरा, भावाच्या हॉलमध्ये कोपरा, आणि माझ्या मरणानंतरही कायद्यानं बांधून दिलेला कोपरा, वर पुतण्या मऊ आवाजात विचारणार, अक्का, बऱ्या आहात ना? मी म्हटलं, ‘नाही. तू मालकीण. विकलंस तरी चालेल, मोडून गोठा बांधलास तरी चालेल. तुझ्यामागं कोणाला द्यायचं ही तुझी डोकेदुखी.’ ती म्हणाली, तुला लहानपणापासून कोणाचं ऐकायची सवय नाही. मी म्हटलं, वाढवलं कोणी? यावर ती उठून आत गेली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंना फोन करून विचारलं की बहीण नको म्हणते, तर तिची सही लागते का? त्या म्हणाल्या, घेणाऱ्याची सही लागत नाही, देणाऱ्याची लागते. मला तेवढंच हवं होतं. आधार कार्ड अक्का कुठं ठेवते ते मला ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र मी बदलून घेतली. वकीलबाईंकडे इंग्रजीचा साचा तयार होता. मी म्हटलं, कन्नडात करा. अक्काला इंग्रजी येत नाही, मराठी बोलता येते पण वाचता येत नाही, तिला वाचता येतं ते कन्नडच. जिचं घर तिला कागद वाचता यायला नको का? त्याचं टायपिंग जास्तीचं पडेल, म्हणाल्या. पडू दे म्हटलं.

साक्षीला वरचं जोडपं आलं, दोघंही तिशीतले, दोघंही सुट्टी टाकून. ‘काकू, मला तर फार ऑकवर्ड वाटतंय,’ मुलगी रिक्षात म्हणाली, ‘म्हणजे तुम्ही मरणार वगैरे.’ मी म्हटलं, मरणार तू पण आहेस, फक्त माझ्यानंतर मर, तेवढ्यासाठीच तुला नेतेय. ती एवढी हसली की रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला वकीलबाईंनी आधीच आणायला लावला होता. डॉक्टरांनी नाव, वार आणि पंतप्रधान विचारले आणि सही केली. तो कागद बघून अक्का इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. ‘पाच मिनिटांत कळलं होय त्याला? मला साठ वर्षांत कळलं नाही.’

अण्णांना सांगायचं काम सगळ्यांत अवघड होतं. तुमचं वय झालंय, तुमची सही चालत नाही, हे एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला कोणत्या शब्दांत सांगायचं? मी सरळ सांगितलं, मला दुसरं येत नाही. ते ‘सरी, सरी’, म्हणजे बरं बरं, म्हणाले आणि दोन दिवस कॉफीला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते गुपचूप वकीलबाईंचा नंबर मागायला. त्यांच्या मृत्युपत्रावर साक्षी होते त्यांचे दुसरे दोन मित्र, आणि ते दोघंही गेल्याच वर्षी वारले होते. त्यांच्या आशीर्वादाचा कागद मी फाडला नाही. वकीलबाईंच्या सांगण्यावरून त्यावर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहिलं आणि देवघरात ठेवला. आशीर्वाद तर रद्द होत नाहीत.

पुतण्यालाही मीच फोन केला. लपवून ठेवायची मला हौस नाही. सगळं सांगितलं, त्याचं नाव कुठल्या ओळीत आहे तेही. तो म्हणाला, ‘बरं केलंत काकू.’ मनातून म्हणाला का, ते मी तपासत बसले नाही.

रजिस्टर झालेला कागद हातात आला त्या दिवशी दुपारी मी तो अक्काच्या पुढं टेबलावर ठेवला.  ती म्हणाली, मला कशाला? मी म्हटलं, वाच तरी, टायपिंगचे पैसे दिलेत. तिनं चष्मा पुसला आणि बोट ठेवून वाचायला लागली, पहिलीतल्या मुलीसारखी, ओठ हलवत. हद्दी वाचल्या. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला अण्णांचं घर. पुढं तिचं स्वतःचं नाव आलं, आमच्या वडिलांच्या नावासकट. त्याच्यापुढच्या ओळीत लिहिलं होतं की या घरावर तिचा पूर्ण मालकी हक्क राहील आणि त्यात कोणीही अडथळा आणू नये. त्या ओळीवर तिचं बोट थांबलं. ती ओळ तिनं परत पहिल्यापासून वाचली. मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले, कारण मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर मी शेवटची रडले ती आई गेली तेव्हा.

बाहेर आले तर कागद नीट घडी करून ठेवलेला, आणि अक्का माझ्या यजमानांची हत्यारांची पेटी उघडून तिच्यात काहीतरी शोधत होती. ‘हातोडी कुठं असते गं?’ मी काढून दिली. खिळाही दिला. मी मारते म्हटलं, तर तिनं हात बाजूला सारला.

बहात्तर वर्षांची बाई स्टुलावर चढली. दोन घाव बोटावर बसले, चार भिंतीवर. बशीएवढा गिलावा खाली पडला. खिळा तिरका बसला, आणि फोटो लावला तेव्हा आई वडिलांपेक्षा बोटभर खाली दिसायला लागली. छत्तीस वर्षं मी केसाएवढा फरक सोडला नाही, पण त्या दिवशी तोंडातून शब्द काढला नाही. अक्का खाली उतरली, दोन पावलं मागं गेली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

‘उद्या स्वयंपाकघरात दोन मारते,’ ती म्हणाली. ‘कॅलेंडरला एक, चाळणीला एक.’

मी सवयीनं म्हटलं, ‘मार की. विचारतेस काय?’

‘विचारत नाहीये,’ अक्का म्हणाली. ‘सांगतेय.’